घरट्यासमोरचा कॅमेरा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

१० एप्रिल १८९२ हा दिवस कुठल्या लढाईसाठी किंवा कुठल्या राजाच्या राज्यारोहणासाठी इतिहासात नोंदलेला नाही. त्या दिवशी लंडनच्या उत्तरेला, एनफिल्ड गावाजवळच्या शिवारात दोन भाऊ हिंडत होते. थोरल्याला एक घरटे दिसले. साँग थ्रश नावाच्या पक्ष्याचे, म्हणजे आपल्या कस्तुराच्या नात्यातल्या एका पक्ष्याचे. आतून चिखलाने लिंपलेली वाटी आणि तिच्यात निळी, काळ्या ठिपक्यांची अंडी. धाकट्याकडे कॅमेरा होता. त्याने फोटो काढला. जिथे घरटे होते तिथेच, अंड्यांसह काढलेला घरट्याचा पहिला फोटो म्हणून तो आज ओळखला जातो.

थोरल्याचे नाव रिचर्ड कीअर्टन, धाकट्याचे चेरी. यॉर्कशायरच्या डोंगराळ भागातल्या थ्वेट नावाच्या खेड्यातली ही मुले. रिचर्डचा पाय लहानपणी अधू झाला होता. पुढे तो लंडनला एका प्रकाशन संस्थेत नोकरीला लागला आणि धाकटा भाऊही त्याच्या मागोमाग तिथे आला. आपल्याकडे नगर जिल्ह्यातली माणसे मुंबईला गिरणीत जात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की या दोघांनी गाव सोडले तरी गावाकडची नजर सोडली नाही. तीन वर्षांनी, १८९५ साली, त्यांचे ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरचे पुस्तक आले. मजकूर रिचर्डचा, फोटो चेरीचे. निसर्गात जाऊन काढलेल्या फोटोंनी सजलेले त्या काळातले हे अगदी नवलाचे पुस्तक होते आणि ते हातोहात खपले.

आता कुणी विचारील, फोटो काढायचा तर पक्ष्याचा काढावा, घरट्याचा का? आणि वसंतातच का? त्याचे उत्तर त्या काळच्या कॅमेऱ्यात आहे. लाकडी पेटी, पुढे भिंग, मागे काचेची प्लेट, वर काळे फडके आणि खाली तीन पायांची घोडी. प्लेटची ताकद बेताची, भिंग दूरचे जवळ आणणारे नाही. उडता पक्षी म्हणजे प्लेटवर नुसता धूर. पक्षी हाताच्या अंतरावर यायला हवा, ठरलेल्या जागी यायला हवा आणि तिथे क्षणभर स्तब्ध बसायला हवा. वर्षाच्या बारा महिन्यांत पक्षी असा वागतो तो फक्त विणीच्या दिवसांत, आपल्या घरट्यावर. इंग्लंडात ती वीण एप्रिल ते जूनची. म्हणून वन्यजीवांच्या फोटोंचा धंदा म्हणा, छंद म्हणा, तिथे वसंतात सुरू झाला आणि वसंतात संपला. पुढची साठ-सत्तर वर्षे ब्रिटिश पक्ष्यांचे जे गाजलेले फोटो आपण पाहतो, त्यातले बहुतेक घरट्यावरचे आहेत. पाखरू चोचीत अळी घेऊन आले आहे, पिलांनी चोची उघडल्या आहेत. ही चौकट आपल्याला इतकी ओळखीची झाली, की पक्ष्याचा फोटो म्हणजे हाच, असे वाटू लागले. ती सौंदर्यदृष्टीतून आली असे मला वाटत नाही. ती कॅमेऱ्याच्या अडचणीतून आली.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कीअर्टन बंधू घरटी शोधू लागले तेव्हा इंग्लंडात घरटी शोधणारे हजारो होते. ते अंडी गोळा करणारे. शाळकरी पोरांपासून पाद्री, लष्करी अधिकारी, सरदार, सगळ्यांना हा नाद. अंड्याला भोक पाडायचे, आतला बलक फुंकून काढायचा आणि कवच कापसाच्या खणात मांडून ठेवायचे. हा नाद आपल्या देशातही आला. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपण शाळेत काँग्रेसचे संस्थापक म्हणून पाठ केलेले असते. हेच ह्यूम भारतीय पक्ष्यांचे मोठे अभ्यासक होते. ज्या १८८५ साली मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, त्याच वर्षी त्यांचा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे गेला. त्यात पक्ष्यांची हजारो कातडी तर होतीच, शिवाय १८ हजारांवर अंडी होती. शास्त्राला त्याचा उपयोग झाला, हे नाकारता येणार नाही. पण कीअर्टन बंधूंचे म्हणणे असे, की घरटे बघा, फोटो घ्या आणि अंडी तिथेच राहू द्या. त्या काळाच्या मानाने ही मोठी उडी होती. बंदुकीच्या जागी कॅमेरा ही भाषा आपण आज सहज वापरतो. तिची सुरुवात अंड्यांच्या पेटीच्या जागी कॅमेरा अशी झालेली आहे.

त्यांच्या युक्त्याही मोठ्या मजेदार. पक्षी माणसाला भितो, गुराला भीत नाही. तर मग गुरूच व्हावे. १९०० साली त्यांनी बैलाचे कातडे मढवून आतून पोकळ बैल तयार करवला. आत माणूस उभा राहायचा आणि बैलाला पाडलेल्या भोकातून कॅमेरा बाहेर बघायचा. एकदा आतला भाऊ वाकून उभा राहून इतका अवघडला, की त्याला चक्कर आली आणि बैल चारी पाय वर करून उताणा पडला. त्याचाही फोटो आहे. पुढे त्यांनी खोटी मेंढी केली, झाडाचे खोटे खोड केले. आपल्याकडे कुणी असा बैल शिवारात उभा केला असता तर गायबगळे येऊन त्याच्या पाठीवर बसले असते आणि फोटो घ्यायचा तो पक्षी आतल्या माणसाला दिसलाच नसता!

या वाटेने पुढे किती तरी जण गेले. त्यातली दोन नावे सांगतो. एमा टर्नर ही बाई नॉरफोकच्या दलदलीत होडीवर राहायची. बिटर्न नावाचा, लव्हाळ्यात दडून राहणारा बगळ्याच्या कुळातला पक्षी. दलदली आटवल्यामुळे आणि शिकारीमुळे त्याची वीण इंग्लंडातून संपली, असे धरले गेले होते. १९११ साली टर्नरबाईंनी तिथल्या पाणथळीत बिटर्नचे पिलू शोधले आणि त्याचा फोटो काढला. तो फोटो हाच पुरावा ठरला. पक्षी परत आला होता आणि ते सिद्ध करायला कुणालाही गोळी झाडावी लागली नाही. दुसरा एरिक हॉस्किंग. मे १९३७ मध्ये वेल्समध्ये तपकिरी घुबडाच्या घरट्यापाशी तो रात्री आपल्या लपणाकडे चालला असताना घुबडाने अंधारातून येऊन त्याच्या डोळ्यावर पंजा मारला. डावा डोळा कायमचा गेला. इस्पितळातून सुटल्यावर हा गडी पुन्हा घुबडांचेच फोटो काढायला गेला. पुढे ब्रिटनमधला सर्वांत नामवंत पक्षी-छायाचित्रकार म्हणून त्याचे नाव झाले आणि १९७० साली निघालेल्या आत्मचरित्राच्या नावातही त्याने तो डोळा गमतीने आणला.

हॉस्किंगची गोष्ट त्याच्या जिद्दीसाठी सांगितली जाते. मला तिच्यात घुबडही दिसते. घरट्याजवळ येणाऱ्या प्रत्येक माणसाला पक्षी काही पंजा मारू शकत नाही. बहुतेक पक्षी नुसते उडून जातात. आणि त्या वेळेत घरट्याचे काय होते, याचा हिशेब फोटोत कुठे लागत नाही. फोटो नीट यावा म्हणून घरट्यापुढच्या फांद्या बाजूला बांधायच्या, पाने खुडायची, हा तेव्हा सर्रास प्रघात होता. माणूस फोटो काढून निघून जातो आणि उघडे पडलेले घरटे मागून कावळ्याला सापडते. ब्रिटिशांना हे उशिरा उमगले, पण उमगले. १९५४च्या कायद्याने तिथे रानपक्ष्यांची अंडी गोळा करण्याला आळा बसला. १९६७ साली कायदा आणखी पुढे गेला. दुर्मीळ पक्ष्यांच्या यादीतल्या पक्ष्याला घरट्यावर असताना जाणूनबुजून त्रास देणे हाच गुन्हा ठरला आणि अशा पक्ष्याचा घरट्यापाशी फोटो काढायचा तर परवाना लागू लागला. १९८१च्या कायद्यातही ही तरतूद राहिली. ज्या देशात घरट्याच्या फोटोने या कलेचा जन्म झाला, तिथेच पाऊणशे वर्षांनी त्याच फोटोला परवाना लागू लागला.

ही कला आपल्याकडे आणली ती इथे नोकरीला आलेल्या इंग्रजांनी. लष्करातले बेट्स, रेल्वेतले लोथर. हे गृहस्थ सुटीच्या दिवशी लपण, प्लेटा आणि तिपाई घेऊन घरटी शोधत फिरत. लोथर यांचे भारतातल्या पक्ष्यांच्या छायाचित्रणावरचे पुस्तक १९४९ साली, म्हणजे इंग्रज गेल्यावर, प्रसिद्ध झाले. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ सालापासून होतीच. तिच्या नियतकालिकात असे फोटो येत. फोटो नव्हे, पण घरट्यासमोर बसण्याचे फार मोठे काम आपल्या सलीम अली यांनी १९३० साली रायगड जिल्ह्यातल्या किहीमला केले. सुगरणीच्या घरट्यांसमोर शिडीवर आडोसा करून ते बसले आणि सुगरण नराचा संसार कसा चालतो, तो एकामागून एक घरटी का बांधतो, हे त्यांनी जगाला सांगितले. तेव्हा घरट्यासमोर बसणे हे मुळातच पाप, असे मी म्हणत नाही. कोण बसतो, किती अंतरावर बसतो आणि कोणत्या उन्हात बसतो, हा प्रश्न आहे.

उन्हाचे का म्हणतो, ते सांगण्यासाठी मला माझ्या गावी यावे लागेल.

मी कोपरगावचा. राघोबादादांचा वाडा आणि बेटातले शुक्राचार्यांचे मंदिर यासाठी आमचे गाव लोकांना ठाऊक असते. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला आणि सुटीत कॅमेरा गळ्यात अडकवून गोदावरीच्या काठाने हिंडलो. तेव्हा छत्तीस फोटोंचा एक रोल पगारातून बाजूला काढून घ्यावा लागे, त्यामुळे बटन दाबण्यापूर्वी माणूस विचार करी. आमच्या वरच्या अंगाला, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवेच्या संगमावर नांदूर मधमेश्वरचा बंधारा आहे. इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो बांधला तो आमच्यासारख्या दुष्काळी तालुक्यांना कालव्याने पाणी देण्यासाठी. डावा आणि उजवा, दोन कालवे निघाले, त्यांच्या आवर्तनांवर आमचा ऊस उभा राहिला, उसावर साखर कारखाने उभे राहिले. पाण्याबरोबर गाळ आला, गाळात पाणवनस्पती वाढल्या आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना तिथे पक्ष्यांचे मोठे गाव वसले. १९८६ साली ते अभयारण्य झाले आणि २०२० साली रामसर यादीतली महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा म्हणून त्याची घोषणा झाली. महाराष्ट्राचे भरतपूर असेही त्याला म्हणतात.

पण तिथली गर्दी थंडीची. चक्रवाक, थापट्या, भुवई बदके हे सारे हिवाळ्याचे पाहुणे. होळी उलटली की ते उत्तरेकडे निघू लागतात. इंग्लंडात वसंत म्हणजे पक्ष्यांचे आगमन. वृत्तपत्रांत पहिली कोकिळा कधी ऐकली याची पत्रे छापून येत. आमच्याकडे वसंत म्हणजे पाहुण्यांचा निरोप. मागे राहतात ते घरचे पक्षी आणि त्यांची वीण ऐन उन्हात सुरू होते. नदीचे पात्र उघडे पडते, वाळूची बेटे दिसू लागतात आणि त्या वाळूवर कंठेरी चिखल्या, छोटा आर्ली, नदी सुरय आणि आपली सर्वांच्या ओळखीची टिटवी अंडी घालतात. यांचे घरटे म्हणजे काय, तर वाळूत पायाने केलेला खळगा आणि भोवती चार खडे. झाड नाही, फांदी नाही, पान नाही. लपवण्याचे सारे काम अंड्यांच्या रंगावर सोपवलेले. हातभर अंतरावरून चालत जावे आणि दिसू नये!

टिटवीबद्दल आपल्या लोकांना पहिल्यापासून कुतूहल. आकाश कोसळू नये म्हणून ती रात्री पाय वर करून झोपते, असे आमची आजी सांगे. पंचतंत्रात समुद्राने तिची अंडी पळवल्याची कथा आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या नेवाशाला सांगितल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीत टिटवी दृष्टांताला येते. आणि शेतकऱ्याला ती ठाऊक असते पावसाच्या अंदाजासाठी. तिने खोलगट जागी अंडी घातली तर पाऊस कमी, उंचावर घातली तर भरपूर. अंडी जितकी तितके महिने पाऊस. टिटवी बहुधा चार अंडी घालते आणि पावसाळाही बहुधा चार महिन्यांचा असतो, त्यामुळे हा अंदाज बरेचदा खरा ठरतो, हा भाग वेगळा. दरवर्षी मे महिन्यात टिटवीच्या अंड्यांचा फोटो कुठल्या ना कुठल्या वर्तमानपत्रात येतो आणि खाली पावसाची बातमी असते. तो फोटो नीट पाहिलात तर एक गोष्ट ध्यानात येईल. फोटोत अंडी आहेत, टिटवी नाही. कीअर्टनच्या १८९२च्या फोटोतही थ्रश नव्हता. पक्ष्याला उठवल्याशिवाय अंड्यांचा फोटो निघत नाही.

आणि इथेच इंग्लंडचा वसंत आणि कोपरगावचा वसंत यांतला खरा फरक येतो. एप्रिलातल्या इंग्लंडात पक्षी घरट्यावरून उठला तर अंडी गार पडतात. गार पडलेल्या अंड्यातला जीव थोडा वेळ तग धरतो. वाढ मंदावते, आई परत येऊन बसली की पुन्हा सुरू होते. पक्षी अंडी उबवतो असे आपण म्हणतो, ते थंड देशातले सत्य. आमच्याकडे मे महिन्यात हवा बेचाळीस अंशांवर जाते आणि वाळू त्याहून कितीतरी तापते. भर दुपारी अनवाणी चालून बघा. अंड्यातल्या जीवाला चाळिशीच्या पुढचे तापमान फार वेळ सोसत नाही. म्हणजे आमची टिटवी दुपारी अंडी उबवत नसते, ती अंड्यांना थंड ठेवत असते. उठली की अंडी गार पडत नाहीत, भाजतात. थंड देशातल्या माणसांनी आपल्या हवेत घालून दिलेली पद्धत आपण जशीच्या तशी उचलली. पंधरा मिनिटांचा अडथळा तिथे चालून जात असेल, इथे तो चालेलच असे नाही.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी डोळ्यांनी पाहिले होते. २००९च्या मे महिन्यात गावाच्या खालच्या अंगाला एका वाळूच्या पट्ट्यावर टिटवीची चार अंडी होती. काठावरच्या बाभळीखाली, साठ-सत्तर पावलांवर, दुर्बीण घेऊन मी रोज दुपारी बसत असे. सकाळी पक्षी अंड्यांवर रीतसर बसे. ऊन चढले की तो उठून उभा राही, अंड्यांवर सावली पडेल अशा बेताने पंख थोडे सैल सोडी आणि चोच उघडी टाकून धापा टाकी. मग जोडीदार येई. तो सरळ अंड्यांकडे येत नसे. आधी डबक्यात जाऊन पोट बुडवून बसे, उठे, पुन्हा बसे. ओल्या पोटाने लगबगीने चालत येऊन अंड्यांवर टेके. पहिला उठून डबक्याकडे जाई. बारा ते तीन या वेळात ही पाळी अखंड चाले. दुष्काळात बायाबापड्यांनी विहिरीवर खेपा घालाव्यात, तशा या खेपा.

एका दुपारी तीन-चार तरुण मुले मोबाईल घेऊन आली. कॉलेजची असावीत. टिटव्या ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागल्या. मी घड्याळात पाहिले. मुलांनी चांगली शोधाशोध केली, अंडी सापडली, फोटो झाले, मग प्रत्येकाचा अंड्यांसोबत एकेक फोटो झाला. अकरा मिनिटे लागली. परत जाताना माझ्यापाशी आली तेव्हा मी त्यांना बसवून घेतले.

"काका, आम्ही हातसुद्धा लावला नाही," एक जण म्हणाला.

"नाही लावला, बघितलं मी. पण तुम्ही होतात तोवर त्यांना सावली कुणी धरली?"

मुले चांगली होती. वाळूला हात लावून बघा म्हटले, त्यांनी बघितले आणि गप्प झाली. पुढे त्यातला एक माझ्याबरोबर दुर्बीण घेऊन दोन दुपारी बसलाही. त्या चार अंड्यांतून तीन पिले निघाली. चौथे अंडे तसेच राहिले. ते त्या अकरा मिनिटांमुळेच, असे मी म्हणणार नाही. एखादे अंडे एरवीही वाया जाते.

कायदा मात्र याबाबत स्पष्ट आहे आणि तो किती जणांना ठाऊक आहे, याची मला शंका वाटते. आपल्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार या शब्दाची व्याख्या दिली आहे. गोळी घालणे, सापळा लावणे, हे तर तीत आहेच. पण रानपक्ष्यांची अंडी खराब करणे, अंडी किंवा घरटी यांना बाधा आणणे, हेही त्याच व्याख्येत बसवले आहे. बंदूक टाकून कॅमेरा घेतला म्हणून आपण शिकारी उरलो नाही, असे आपण समजतो. कायद्याच्या लेखी घरट्यापाशी तेवढे पुरत नाही. अलीकडे आपल्या देशातल्या अनेक छायाचित्र स्पर्धा घरट्यावरचे फोटो घेतच नाहीत. मला हा निर्णय योग्य वाटतो. बक्षीस नाही म्हटल्यावर निम्मी गर्दी कमी होते.

माणूस घरट्यापाशी गेल्याशिवाय फोटो निघत नाही, हे तर कधीच खोटे ठरले आहे. आणि ते खोटे ठरवणारा भारतातच होता. संयुक्त प्रांतातला वनाधिकारी चॅम्पियन याने वाघाच्या वाटेवर तार ताणून ठेवली. तारेला पाय लागला की कॅमेरा आणि झगझगीत उजेड एकदम चाले. त्याचे फोटो १९२५ साली लंडनच्या सचित्र साप्ताहिकात झळकले, १९२७ साली पुस्तक आले. माणूस तेव्हा घरी झोपलेला असे. आजचे कॅमेरा ट्रॅप म्हणजे त्या तारेचीच पुढची पिढी. आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे कॅमेरे उसाच्या शिवारात लावले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातून दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच बिबटे तिथे माणसांच्या शेजारी राहतात, हे दिसून आले. मुंबईच्या आरे वसाहतीतल्या गल्लीतून जाणाऱ्या बिबट्याचा नयन खानोलकर यांचा फोटो २०१६ साली लंडनच्या जागतिक वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत आपल्या गटात पहिला आला, तोही असाच, आपोआप चालणाऱ्या कॅमेऱ्याने काढलेला.

त्याच स्पर्धेत २०२० साली ऐश्वर्या श्रीधर यांच्या काजव्यांच्या फोटोची दखल घेतली गेली. पावसाआधीच्या रात्री, झाडभर काजवे आणि वर चांदण्या. तो फोटो भंडारदऱ्याचा, म्हणजे पुन्हा आमच्याच जिल्ह्याचा. जिल्ह्याला अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट. पण काजव्याचा उजेड हे त्याचे मादीला दिलेले बोलावणे असते, घरट्याइतकीच नाजूक वेळ. काजवा महोत्सवाच्या नावाने तिथे मोटारींची जी रांग लागू लागली, तिच्या दिव्यांत ती बोलावणी किती पोहोचत असतील, कोण जाणे. वनखात्याला वेळेची आणि गाड्यांची बंधने घालावी लागली, ती उगाच नव्हे.

आता एक न्याय्य गोष्टही सांगायला हवी. गोदावरीच्या पात्रातले पक्षी फोटो काढणाऱ्यांनी संपवले, असे कुणी म्हणेल तर ते खोटे आहे. वाळू गेली. रात्रंदिवस ट्रॅक्टर लागले, बेटेच्या बेटे उचलली गेली आणि जिथे सुरयांची वस्ती असे तिथे आता खड्डे आणि वेड्या बाभळी आहेत. माळरानावर ऊस आला; माळटिटवी, जी टिटवीची पिवळ्या गालाची चुलत बहीण, ती मला तालुक्यात शेवटची कधी दिसली ते वही काढून बघावे लागते. कालव्याने एक पक्ष्यांचे गाव वसवले आणि त्याच कालव्याने माळावरचे दुसरे उठवले. यापुढे चार फोटोवाल्यांचा त्रास तो किती! तरीही वाळूवाल्याला मी पात्रातून उठवू शकत नाही, स्वतःला उठवू शकतो. म्हणून बोलायचे तर कॅमेरावाल्यांशी बोलतो.

आणि आजच्या कॅमेऱ्याला घरट्याची गरज उरलेलीही नाही. कीअर्टनला पक्षी हातभर अंतरावर हवा होता, कारण त्याचे भिंग तेवढेच बघू शकत होते. आज चांगल्या टेलिफोटो लेन्सने शंभर पावलांवरचे पीस मोजता येते, उडत्या पक्ष्याचा फोटो अंधूक पहाटे येतो. नर मादीला भुलवताना, पक्षी डबक्यावर पाणी पिताना, पिले आईमागे चालताना असे कितीतरी प्रसंग मोकळे आहेत. टिटवीची पिले तर अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच चालू लागतात; खळगा सोडून देतात. दोन दिवस थांबलात तर फोटोत अंड्यांऐवजी टिटवीचे अख्खे कुटुंब येते.

टिटवीने आपल्या परीने मार्ग काढला आहे. वाळू गेली तेव्हा ती खडीवर गेली. रेल्वेच्या रुळांमधल्या खडीत, बांधकामासाठी टाकलेल्या मुरमाच्या ढिगावर, सपाट गच्चीवरच्या खडीतसुद्धा तिची अंडी सापडतात. यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या एका अर्धवट राहिलेल्या रस्त्याच्या खडीवर एक जोडी होती. जवळ पाणी म्हणजे शेजारच्या शेतातली गळकी पाइपलाइन. मी रस्त्यापलीकडच्या लिंबाखालून, लेन्सची सारी ताकद लावून, एकच फोटो काढला. शेजाऱ्यांना दाखवला तर ते म्हणाले, "गुरुजी, यात पक्षी कुठाय?" वाटाण्याएवढी दिसते ती त्यात. मोठा करून पाहिला की तिच्या पोटाची पिसे एकमेकांना चिकटलेली, ओली दिसतात आणि पायापाशी खडीवर पाण्याचे दोन काळे ठिपके.